शासन म्हणजे नेमकं कोण?

एखादा शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर, कधी शेवटपर्यंत वाचलाय का? बहुतेक जण विषय आणि रक्कम बघून थांबतात. अगदी शेवटी, सहीच्या वर, एक ठरलेली ओळ असते: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्याखाली कुणा उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही. आता गंमत बघा. राज्यपालांनी तो कागद बहुतेक वेळा पाहिलेलाही नसतो. ज्याची सही आहे त्याने निर्णय घेतलेला नसतो, तो फक्त कळवतो. आणि ज्याने खरोखर निर्णय घेतला त्याचं नाव त्या कागदावर सहसा कुठेच नसतं.

आमच्या धंद्यात याला शेअर्ड लॉगिन म्हणतात. सर्व्हरवर दहा जण एकाच 'अ‍ॅडमिन' नावाने शिरतात. रात्री कुणीतरी एक टेबल उडवतो. सकाळी लॉग उघडला की दिसतं, 'अ‍ॅडमिन'ने उडवलं. बरं, हा अ‍ॅडमिन कोण? सगळेच! म्हणजे कुणीच नाही. कुठल्याही बऱ्या कंपनीत ऑडिटवाले ही गोष्ट पहिल्या दिवशी पकडतात. राज्याच्या कारभारात मात्र ती वर्षानुवर्षं चालू आहे, आणि त्यात बेकायदा असं काहीही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्या कायद्यांमध्ये जिथे जिथे 'राज्य शासन' अमुक करू शकेल असं लिहिलंय, तिथे शक्य असेल तेवढ्या ठिकाणी 'त्या खात्याचा मंत्री' असं लिहावं. अधिकार एका माणसाला द्यावा, तो विधिमंडळाने कायदा करून द्यावा, आणि त्याबरोबर कारण लिहून ठेवण्याची सक्तीही त्याच कलमात घालावी. मंत्र्यांना आधीच काय कमी अधिकार आहेत, असं कुणी म्हणेल. त्याकडे येतोच. आधी आत्ताची सिस्टीम कशी चालते ते बघू.

राज्यघटनेचं कलम १५४ सांगतं की राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांकडे आहे. कलम १६३ सांगतं की त्यांना सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. कलम १६६ सांगतं की सगळी कारवाई राज्यपालांच्या नावाने होईल, आणि कामाची मंत्र्यांमध्ये वाटणी करण्यासाठी राज्यपाल नियम करतील. महाराष्ट्रात याची घडी १९७५ च्या शासन कार्यनियमावलीने बसवली, पुढे त्यात बदल होत गेले. कुठला विषय कुठल्या खात्याचा, कुठली फाईल मंत्र्यापाशी थांबते, कुठली मुख्यमंत्र्यांकडे जाते, कुठली मंत्रिमंडळासमोर जाते, हे सगळं त्या नियमावलीत.

म्हणजे 'राज्य शासन' या दोन शब्दांमागचा माणूस कोण, याचं उत्तर कायद्यात नसून नियमावलीत आहे. आणि ही नियमावली विधानसभा मंजूर करत नाही. सरकारच ती तयार करतं आणि राज्यपालांच्या नावाने काढतं. जमीन महसूल संहिता १९६६ ची, सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा. दोन्हीत पानोपानी 'राज्य शासन' भेटतं. आमदारांनी अधिकार 'शासना'ला दिला, आणि शासनाने आपलं आपण ठरवलं की यातला कुठला तुकडा कुणाचा.

कोर्टानेही ही व्यवस्था मान्य केलेली आहे. १९७० साली मद्रास राज्याच्या एका खटल्यात (संजीवी नायडू) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या जबाबदार असलं तरी प्रत्येक निर्णय मंत्र्याने स्वतः घ्यायला हवा असं नाही. नियमावलीप्रमाणे ज्याच्याकडे काम आहे त्याने घेतलेला निर्णय हा शासनाचाच निर्णय. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, नाहीतर गाडा हलणारच नाही. प्रश्न गाडा हलण्याचा नाहीच आहे. गाडा कुणाच्या अंगावर गेला तर चालवणारा कोण होता, हे विचारायची सोय हवी, एवढंच.

आपल्या शहरापुरतं बोलायचं तर 'शासन' म्हणजे किती माणसं हा प्रश्न आपण अगदी जवळून पाहिलाय. २९ जून २०२२ ला ठाकरे मंत्रिमंडळाने शहराचं नाव संभाजीनगर करायचा निर्णय घेतला. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नवं सरकार आलं, त्याने तो आधीचा निर्णय धरला नाही, आणि १६ जुलैला 'छत्रपती संभाजीनगर' असा पुन्हा निर्णय घेतला. त्या दिवशी मंत्रिमंडळात किती जण होते? दोन. एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस. घटनेच्या कलम १६४ मध्ये २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने अशी तरतूद आली की राज्यात मुख्यमंत्री धरून बारापेक्षा कमी मंत्री नसावेत. त्यावरून विरोधकांनी तेव्हा आरडाओरडा केला. केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली आणि मे २०२४ मध्ये हायकोर्टाने नामांतर कायम ठेवलं. नावाच्या वादात मला इथे पडायचं नाही. मुद्दा एवढाच की 'शासन' हा शब्द इतका ताणला जातो की त्यात कधी चाळीस माणसं मावतात, कधी दोन, आणि कागदावरची ओळ तीच राहते: राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने.

आता ताजं उदाहरण, तेही आपल्याच शहराशी जोडलेलं. जुलै २०२५ मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट (आपल्या शहराच्या पश्चिम मतदारसंघाचे आमदार) आणि त्याच खात्याच्या राज्यमंत्री माधुरी मिसाळ यांच्यात पत्रापत्री झाली. मिसाळ यांनी पुण्यात खात्याची आढावा बैठक घेतली. शिरसाटांनी पत्र लिहिलं की माझ्याकडच्या विषयांवर बैठक घ्यायची तर आधी मला विचारा. मिसाळ यांनी उलट कळवलं की राज्यमंत्री म्हणून आढावा घ्यायचा मला अधिकार आहे, त्यासाठी परवानगी लागत नाही. शेवटी मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं की राज्यमंत्र्यांना बैठका घेता येतील, पण धोरणात्मक निर्णय मंत्र्याच्या मान्यतेशिवाय घेता येणार नाहीत.

चॅनेलवाल्यांनी याची महायुतीतली कुरबुर करून टाकली. भाजप विरुद्ध शिंदे सेना, बस. पण जरा थांबून विचार करा. एका खात्याचे दोन मंत्री, दोघेही शपथ घेतलेले, आणि बैठक कुणी घ्यायची याचा निवाडा पत्रकारांसमोर बोलून करावा लागतो! आपल्याकडे नव्या जॉइन झालेल्या पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यात अ‍ॅक्सेस मॅट्रिक्स दाखवतात. हे बघायचं, हे बदलायचं, ह्याला हात लावायचा नाही. राज्यमंत्र्यांचं दुखणं जुनंच आहे. सरकार कुठलंही असो, वर्षभरात एखादा राज्यमंत्री म्हणतोच की आम्हाला नुसती गाडी आणि दालन आहे, अधिकार काही नाहीत. कारण राज्यमंत्र्याकडे काय सोपवायचं हे बहुतांशी त्या खात्याच्या मंत्र्याच्या मर्जीवर.

आणि पूर्ण मंत्री तरी सुखी असतो का? याच शिरसाटांनी मे २०२५ मध्ये तक्रार केली होती की लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचा निधी (सुमारे ४१० कोटी) परस्पर वळवला. गरज नसेल तर खातंच बंद करा, असं ते वैतागून बोलले होते. मंत्री कॅबिनेट दर्जाचा, खातं त्याचं, पैसे त्या खात्याचे, आणि हलवले दुसऱ्याच कुणी. कागदावर अर्थातच शासनाने.

याच्याही पुढचं उदाहरण चंद्रपूरचं आहे. माझ्या मते या विषयावर महाराष्ट्रातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल तोच, पण आपल्याकडे त्यावर फार कमी बोललं गेलं. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची नोकरभरती चालू होती. रीतसर परवानगी मिळालेली. २२ नोव्हेंबर २०२२ ला मुख्यमंत्र्यांनी भरतीला स्थगिती दिली. सहकार खातं तेव्हा होतं अतुल सावे यांच्याकडे, म्हणजे आपल्याच औरंगाबाद पूर्वच्या आमदारांकडे. बँकेच्या वतीने प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं. मार्च २०२३ मध्ये कोर्टाने स्थगिती रद्द केली. कारण काय दिलं? तर कार्यनियमावलीप्रमाणे हा विषय सहकारमंत्र्याचा आहे, आणि दुसऱ्या मंत्र्याकडे दिलेल्या विषयात परस्पर हात घालायचा स्वतंत्र अधिकार मुख्यमंत्र्यांना नाही.

हे वाचून मी चाट पडलो होतो. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मुख्यमंत्री म्हणजे सुपर यूजर. तो कुठल्याही फोल्डरमध्ये जाऊ शकतो, काहीही बदलू शकतो. कोर्ट म्हणालं, नाही. खाती वाटताना तुम्ही ज्याला जे दिलंत ते त्याचं. मुख्यमंत्री मंत्र्याला बोलवू शकतात, समजावू शकतात, विषय मंत्रिमंडळात आणू शकतात, खातं काढूनसुद्धा घेऊ शकतात. पण त्याच्या जागी बसून सही करू शकत नाहीत.

मात्र या निकालाचा पाया केवढा नाजूक आहे ते बघा. तो कार्यनियमावलीवर उभा आहे. कायदा बदलायला विधेयक लागतं, दोन सभागृहं लागतात, कुणीतरी उठून विरोध करतो, पेपरात येतं. नियमावली बदलायला सरकारचा स्वतःचाच निर्णय पुरतो. ज्याच्यावर बंधन घालायचं त्याच्याच हातात बंधनाची किल्ली! चंद्रपूरच्या बँकेला जे मिळालं ते कायद्यात लिहिलेलं असतं तर जास्त टिकाऊ झालं असतं.

आता कुणी म्हणेल, असं थेट मंत्र्याच्या पदाला कायद्याने अधिकार देता येतो का? घटनेत बसतं का? बसतं. कलम १५४ च्या दुसऱ्या भागात स्पष्ट लिहिलंय की राज्यपालांच्या हाताखालच्या कुठल्याही अधिकाऱ्याला विधिमंडळ कायद्याने कामं सोपवू शकतं. आणि मंत्री हा 'हाताखालचा' होतो का, हा प्रश्न इंग्रजांच्या काळातच सुटलाय. १९४५ साली बंगालच्या शिबनाथ बॅनर्जी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९३५ च्या कायद्यातले तसेच शब्द लावताना प्रांताच्या गृहमंत्र्याला गव्हर्नरच्या हाताखालचा अधिकारी धरलं होतं. मंत्र्यांना हे ऐकायला आवडणार नाही, पण दार उघडं आहे.

आणि महाराष्ट्राने या दारातून एकदा जाऊनही दाखवलंय. कायद्याचं नाव एवढं लांब आहे की एका दमात म्हणता येत नाही: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. लोक त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात. अण्णा हजारेंच्या आंदोलनांचा रेटा त्यामागे होता. याच्या कलम ६ मध्ये चक्क एक तक्ता आहे. भारतीय सेवांमधले आणि गट 'अ' मधले वरचे अधिकारी: बदली करणार मुख्यमंत्री. त्याखालचे गट 'अ' आणि गट 'ब': त्या खात्याचा मंत्री, सचिवांशी विचारविनिमय करून. गट 'क': विभागप्रमुख. गट 'ड': प्रादेशिक विभागप्रमुख. 'शासन' असा मोघम शब्द तिथे नाही. प्रत्येक ओळीला एक माणूस.

शिवाय अटी. साधारणपणे एका जागी तीन वर्षं. बदल्या एप्रिल-मे मध्ये. मधेच बदली करायची तर खास कारण लेखी नोंदवायचं आणि तक्त्यात जो एक पायरी वर आहे त्याची आधी मंजुरी घ्यायची. म्हणजे मंत्र्याला मधेच कुणाला हलवायचं असेल तर कारण लिहा आणि मुख्यमंत्र्यांची सही घ्या.

हे कागदावर कोरडं वाटतं, म्हणून सांगतो. आमच्या नात्यात एक काका आहेत, गट 'ब' मधले अधिकारी. (खातं सांगत नाही, त्यांना अजून नोकरी करायची आहे.) नव्या जागी दीड वर्ष झालं नाही तोच दिवाळीच्या तोंडावर त्यांची बदली निघाली, 'प्रशासकीय कारणास्तव'. मुलगी बारावीला, आजी अंथरुणाला खिळलेली. काका माहिती अधिकारात गेले आणि फाईलवरच्या टिपणीची प्रत काढली. कारणाच्या जागी तेच दोन शब्द, आणि वरच्या पायरीची मंजुरी नाहीच. मॅटचं खंडपीठ आपल्या शहरातच आहे. तिथे वकिलाने कलम ६ चा तक्ता आणि ती टिपणी शेजारी शेजारी ठेवली. बदली रद्द झाली. काका काही पोचलेला माणूस नाही. त्यांच्याकडे ना आमदार होता ना पैसा. त्यांच्याकडे एक तक्ता होता, ज्यात कुणी काय करायला हवं होतं ते लिहिलेलं होतं. (पुढे तीन वर्षं भरल्यावर मे महिन्यात त्यांची रीतसर बदली झाली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली. तेही बरोबरच आहे.)

याच्या उलट, ज्यांचं काम 'शासना'कडे अडकलंय अशा कुणालाही विचारा. लेआउटचा प्रश्न, आरक्षण उठवण्याचा प्रश्न, वर्ग दोनच्या जमिनीचा प्रश्न. अर्ज केला की उत्तर येतं, 'सदर प्रकरण शासन स्तरावर प्रलंबित आहे'. या वाक्याला प्रतिवाद नाही. शासन स्तर हा मंत्रालयाचा कितवा मजला ते सांगा, मी जिना चढतो! बदल्यांच्या कायद्यात विलंबाचाही भाग आहे, फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये वगैरे. पण ती मुदत शासकीय कर्मचाऱ्याला. मंत्र्याच्या टेबलावर फाईल किती दिवस झोपू शकते यावर तिथे काही नाही.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आक्षेप मलाही पटतो: एका माणसाच्या हातात अधिकार दिला तर तो मनमानी करेल. याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. वाशिम जिल्ह्यातल्या ३७ एकर गायरान जमिनीचं प्रकरण आठवत असेल. सिल्लोडचे अब्दुल सत्तार महसूल राज्यमंत्री असताना त्यांनी जून २०२२ मध्ये ती जमीन एका खासगी व्यक्तीच्या नावे करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि अधिवेशनात गदारोळ झाला. गायरान म्हणजे गावाच्या गुरांची चराई. सार्वजनिक जमिनी अशा खासगी लोकांना देऊ नयेत असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच (जगपाल सिंग) सांगून ठेवलंय.

पण या प्रकरणात मंत्री कुठल्या भूमिकेत होते ते बघा. महसूल कायद्यात तहसीलदारापासून आयुक्तापर्यंत अपिलं चढत जातात, आणि सगळ्यात वर 'राज्य शासन'. म्हणजे प्रत्यक्षात मंत्री किंवा राज्यमंत्री. तो दोन्ही बाजूंचे वकील ऐकतो आणि निकाल देतो. हे काम न्यायाधीशाचं आहे. मंत्र्याला निवडून दिलंय ते धोरण ठरवायला आणि खातं चालवायला. सकाळी मतदारसंघातल्या लोकांना भेटायचं आणि दुपारी त्यांच्यातल्याच दोघांच्या जमिनीचा निकाल द्यायचा, हे चांगल्यातल्या चांगल्या माणसालाही झेपणारं नाही.

म्हणून ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या आठवड्यात जो गोंधळ झाला तो मला वेगळाच दिसला. दोनच जणांचं मंत्रिमंडळ, अपिलं तुंबलेली, म्हणून मंत्र्यांचे अपील-सुनावणीचे अर्धन्यायिक अधिकार सचिवांना देण्याचा आदेश निघाला. विरोधक म्हणाले, लोकशाही बाबू लोकांच्या हवाली केली. ९ ऑगस्टला अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली (त्यात आपल्या जिल्ह्याचे तीन: भुमरे, सत्तार आणि सावे) आणि विषय मागे पडला. माझ्या मते विचारायचा प्रश्न उलटा होता. हे अधिकार मुळात मंत्र्याकडे असावेत कशाला? आणि जे एका आदेशाने मंत्र्याकडून सचिवाकडे जातं, ते कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे का जाऊ नये?

दुसरा आक्षेप असा की घटनेत सामूहिक जबाबदारी आहे. मंत्रिमंडळ एकत्र बुडतं, एकत्र तरतं. एकेका मंत्र्याला अधिकार दिले तर प्रत्येक जण आपापलं संस्थान करेल. यावर बाहेरच्या देशांकडे बघावं. ज्या ब्रिटनकडून आपण सामूहिक जबाबदारी उचलली, तिथले कायदे अधिकार देतात ते बहुतेक 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ला, म्हणजे मंत्र्याच्या पदाला. प्रत्यक्ष काम अधिकारी करतात, पण ते मंत्र्याचं मानलं जातं. १९४३ च्या कार्लटोना खटल्यात कारखाना ताब्यात घेण्याचा आदेश एका अधिकाऱ्याने काढला होता. कोर्ट म्हणालं, चालेल, पण पार्लमेंटमध्ये जबाब मंत्र्यानेच द्यायचा. जर्मनीत घटनेच्या कलम ६५ मध्येच लिहिलंय की दिशा चॅन्सेलर ठरवेल, पण त्या चौकटीत प्रत्येक मंत्री आपलं खातं स्वतंत्रपणे आणि स्वतःच्या जबाबदारीवर चालवेल. दोन्हीकडे मंत्रिमंडळं मोडून पडलेली नाहीत.

उलट टोक स्वीडनचं. तिथे सरकारचे निर्णय एकत्र बसून घेतात, आणि एखाद्या मंत्र्याने सरकारी संस्थेला परस्पर हुकूम सोडणं गैर मानतात. ती पद्धतही चालते. आपलं त्रांगडं हे की नाव स्वीडनसारखं सगळ्यांचं आणि काम एकट्याचं. सामूहिक जबाबदारीची ढाल आहे, पण तिच्यामागे सही एकाच माणसाची.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. खात्यांची नावं बदलतात, खाती फुटतात, जोडली जातात. प्रत्येक वेळी कायदा बदलायचा का? त्याची गरज नाही. कायद्यात माणसाचं किंवा खात्याचं नाव घालायचं नसून 'या विषयाचा प्रभारी मंत्री' एवढंच घालायचं. बदल्यांच्या कायद्याने तेच केलंय आणि तो अनेक सरकारं पाहून बसलाय. खाती कुणाला द्यायची हा मुख्यमंत्र्यांचा अधिकार तसाच राहतो.

तर मला काय हवंय? चार गोष्टी, आणि यातल्या एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही.

पहिली, नवा कायदा करताना किंवा जुना दुरुस्त करताना 'राज्य शासन' हा शब्द आला की थांबून विचारायचं, इथे माणूस कोण? मंत्रिमंडळ, मुख्यमंत्री, प्रभारी मंत्री की सचिव? जो असेल तो लिहायचा. राज्यमंत्र्याला काही द्यायचं असेल तर तेही तिथेच.

दुसरी, मंत्र्याला अधिकार दिला की त्याच कलमात तीन अटी: कारण लेखी, मुदत ठरलेली, आणि वेगळा निर्णय घ्यायचा तर वरच्याची लेखी मंजुरी.

तिसरी, जीआरवर राज्यपालांच्या नावाची ओळ राहू द्या, ती घटनेने घातलेली आहे. पण वर संदर्भात अजून एक ओळ घाला: निर्णय कुणी घेतला, कुठल्या तारखेला. माहिती अधिकार २००५ पासून आहे, टिपणी मागून मिळतेही. पण जे मागितल्यावर द्यावंच लागतं ते आधीच छापायला काय हरकत आहे?

चौथी, अपील ऐकण्याचं काम मंत्र्यांकडून काढून घ्या. हे चौथं झाल्याशिवाय पहिलं करू नये, इतकं ते महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. नाहीतर गायरानाची प्रकरणं कायद्याच्या आशीर्वादाने होतील.

हे कुठलंही सरकार आपणहून करणार नाही, याची मला कल्पना आहे. मोघमपणा सगळ्यांच्याच सोयीचा असतो. चांगलं झालं की श्रेय घ्यायला फ्लेक्सवर आठ चेहरे असतात. बिघडलं की 'शासन स्तर'. पण २००५ मध्येही बदल्यांचा हुकमी पत्ता कुठला मंत्री आपणहून सोडत होता? लोकांनी रेटला, कायदा झाला, आणि त्याचा उपयोग माझ्या काकांसारख्या साध्या माणसाला झाला. त्या कायद्यातून पळवाटा काढतात, हे खरं. पळवाट काढावी लागते म्हणजे आधी भिंत उभी आहे, हेही तितकंच खरं.

पुढच्या वेळी कुठला जीआर व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर रक्कम वाचून थांबू नका. शेवटची ओळ वाचा, आणि आपल्या आमदाराला विचारा, साहेब, हा निर्णय नेमका कुणाचा? उत्तर नाही आलं तर पुढचा प्रश्न विचारायचा: मग ते कायद्यात लिहून घेण्यासाठी तुम्ही सभागृहात कधी उभे राहताय?